रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट

१

चिमीचा स्टुडिओ म्हणजे तिच्या घरातली मागची खोली. भिंतींना रजया ठोकलेल्या, खिडकीत जुनी गादी कोंबलेली, टेबलावर कॉम्प्युटर, एक माइक आणि कोपऱ्यात बाबांची वेताची खुर्ची. चिमीची चाळिशी उलटून गेली होती, केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, पण बाबांनी लहानपणी ठेवलेलं ते नाव काही तिची पाठ सोडत नव्हतं. सकाळी ती शाळेत संगीत शिकवायची. दुपारी घरी येऊन स्वतःची गाणी करायची. लिहायची तीच, चाल तीच लावायची, गायची आणि रेकॉर्डही तीच करायची. सहा वर्षांत नऊ गाणी झाली होती. वेग काही फार नव्हता, पण एकहाती कारभार होता.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद करून दहा वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते रोज दुपारी त्या खुर्चीत येऊन बसायचे आणि लेक गाते ते ऐकायचे.

"मी इथे नाहीच असं समज," असं म्हणायचे आणि बसायचे.

रेकॉर्डिंग संपलं की चिमीचा एक नेम असे. रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट घ्यायचं. म्हणजे कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, माइक नुसता चालू ठेवायचा. खोली गप्प असली तरी मुकी नसते. फ्रिजची घरघर, नळातली सुरसुर, कॉम्प्युटरचा पंखा, सगळं त्यात उतरतं. मग तो तुकडा कॉम्प्युटरला द्यायचा आणि सांगायचं, हा कचरा नीट ओळखून ठेव, गाण्यात जिथे सापडेल तिथून काढून टाक. यंत्र आज्ञाधारक असतं. जे दाखवाल ते काढतं.

त्या दिवशी नववं गाणं झालं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, रिकाम्या खोलीचं घेतेय. जरा बाहेर जाता?"

"उठलो की गुडघा वाजेल, खुर्ची करकरेल. त्यापेक्षा बसतो गप. चाळीस वर्षं श्वास रोखून स्क्रू लावलेत मी, अर्धं मिनिट काय मोठंसं!"

तिला ते पटलं. तिने बटण दाबलं. बाबांनी छाती फुगवून श्वास धरला आणि डोळे मिचकावले. विसाव्या सेकंदाला त्यांनी तो हळूच सोडला. मनगटावर चावीचं घड्याळ टिकटिकत होतं. चिमीला हसू आवरत नव्हतं, पण ती हसली नाही. फाइलला तिने नाव दिलं, 'रिकामी खोली'.

२

"आता ती गाणी नीट कोणाकडून तरी मास्टरिंग करून घे," दादा फोनवर म्हणाला. दादा तिचा मोठा भाऊ, दूरच्या शहरात राहायचा आणि सल्ले मात्र जवळून द्यायचा. "तो तुमचा कानवाला आहे ना? त्याच्याकडे दे."

मास्टरिंग म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी त्यावरून फिरणारा शेवटचा हात. कुठे वर करायचं, कुठे सोडून द्यायचं, दोन गाण्यांमध्ये किती थांबायचं, हे तिऱ्हाइताच्या कानाने ठरवायचं. गावातले सगळे गाणारे-वाजवणारे या कामासाठी एका म्हाताऱ्याकडे जायचे. त्याला सगळे कानवाले म्हणत.

"नऊ गाण्यांचे तो जेवढे घेतो ना दादा, तेवढ्यात माझा नवा माइक येतो. आणि आजकाल सगळं घरबसल्या होतं."

"घरबसल्या दातही काढता येतात, म्हणून कोणी काढतं का?"

तिने कानवाल्यांना एकदा फोन केला होता, नाही असं नाही. त्यांनी एकच अट घातली होती, "साफ करून आणू नका. जसं आहे तसं आणा." तिला तो जरा तोराच वाटला. स्वतःच्या घरातली धूळ परक्याला कशाला दाखवायची?

तिने दोन दुपारी बसून नऊही गाणी साफ केली आणि आवाज चढवला. कॉम्प्युटर जागा संपल्याची कुरकुर करत होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंग तिने कायमची पुसली. अर्ध्या मिनिटाची ती फाइल तेवढी राहून गेली. एवढीशी तर होती.

बाबांना हेडफोन लावून तिने पहिलं गाणं ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"छान झालंय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण खोली कुठे गेली गं?"

३

चौथ्या की पाचव्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात घड्याळ कानाला लावून उभे होते.

"बंद पडलं," ते म्हणाले. "लग्नातलं घड्याळ. एकदाही बंद पडलं नव्हतं."

चिमीने पाहिलं. सेकंदकाटा मजेत फिरत होता.

"चालतंय की."

"चालतंय, पण वाजत नाही."

त्यांनी ते उघडलं. भिंग डोळ्याला लावून दुपारभर बसले. सगळं जागच्या जागी होतं. चाक हलत होतं, दात दाताला लागत होता. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं घड्याळ पाहिलं नाही, म्हणाले, आणि ते पुन्हा मनगटावर बांधून टाकलं.

चिमीने ते फारसं मनावर घेतलं नाही. वय झालं की कान जातात, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की टिकटिक तिलाही ऐकू आली नव्हती.

त्यानंतर ती ऐकू लागली. ऐकणं हे तिचं कामच होतं, आणि ते कसं बंद करायचं हे तिला येत नव्हतं. बाबांच्या सपाता फरशीवर घासत नव्हत्या. ते खुर्चीत बसले की वेत करकरत नव्हता. सकाळचा तो खोकला, ज्याने ती गेली कित्येक वर्षं गजराशिवाय उठत आली होती, तो येईनासा झाला होता. एका सकाळी तिची शाळा चुकली, तेव्हा कुठे तिला कळलं.

खोकला गेला हे चांगलंच झालं, असं तिने मनाला समजावलं. मन 'हो' म्हणालं, पण विश्वास ठेवला नाही. त्यात कॉम्प्युटरची कुरकुर पुन्हा सुरू झाली होती. जागा संपत आलीय, म्हणे. एवढं सगळं पुसल्यावर संपायला होतं काय?

४

रविवारी दादाचा फोन आला. "बाबांना दे."

बाबा फोन कानाला लावून पाच मिनिटं बोलले. चिमी समोरच बसली होती. त्यांचा आवाज बसल्यासारखा, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. फोन परत आला तेव्हा दादा चिडलेला होता.

"अगं दे ना बाबांना. केव्हाचा हॅलो हॅलो करतोय."

"आत्ता बोलले की तुझ्याशी!"

"कोणीच बोललं नाही, चिमे."

ती त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी घसा पाहिला, गुलाबी आणि धडधाकट. मग छातीवर नळी ठेवली. कपाळाला आठी पडली. नळी इकडे ठेवली, तिकडे ठेवली, स्वतःच्या छातीवर ठेवून पाहिली, मग कपाटातून दुसरी काढली. शेवटी त्यांनी बाबांचं मनगट हातात धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"नाडी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "या नळ्या कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या येतात हल्ली!" पण त्या चिमीकडे बघत नव्हत्या.

आठवडाभरात बाबांचा आवाज पुरता गेला. ओठ हलायचे, मान डोलायची, डोळे हसायचे. माणूस तोच होता, भूक तीच होती, तिची काळजी करायची खोडही तीच. ते पाठकोऱ्या कागदांवर लिहू लागले. 'घसा बसला असेल.' 'मीठ कमी आहे.' 'तू रडू नकोस, मी ठीक आहे.' तिसरी चिठ्ठी तिने घडी घालून पाकिटात ठेवली.

मग एका दुपारी त्यांच्या हातून स्टीलचा पेला सुटला. चिमीने तो पडताना पाहिला. फरशीवर आदळला, उडाला, पाणी सांडत गरगर फिरला आणि टेबलाच्या पायाला जाऊन लागला. आवाज मुळीच झाला नाही. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, शेजारी कुकर शिट्टी देत होता, आणि पेला तिच्या पायाशी गप्प फिरत होता.

बाबा वाकून तो उचलायला गेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. तिला त्या क्षणी ते अर्धं मिनिट आठवलं. श्वास, घड्याळ, खुर्ची. असं नसतं, ती स्वतःशी म्हणाली. यंत्र गाण्यातून काढतं, माणसातून नाही. असं म्हणत म्हणतच तिने कॉम्प्युटर पिशवीत भरला आणि चपला घातल्या.

५

कानवाल्यांची जागा एका शांत गल्लीत तळमजल्यावर होती. बाहेर कामाची खोली, आत घर. आतलं दार अर्धवट उघडं होतं आणि पलीकडे हळू आवाजात एक बाई गात होती. साधीच चाल, घरकाम करताना गुणगुणावी तशी. मधेच भांडी वाजत होती. चाल संपली की लगेच पहिल्यापासून सुरू व्हायची.

"चहा टाकतेस का?" कानवाल्यांनी आत विचारलं.

"टाकते," आतून उत्तर आलं. पण चहा आणायला तेच उठून गेले.

त्यांनी तिचं पहिलं गाणं लावलं. अर्ध्यावर बंद केलं, तिसरं लावलं, मग नववं. चिमी परीक्षेला बसल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"गाणी चांगली आहेत तुमची," ते म्हणाले. "हातात कसब आहे तुमच्या. पण हे काय केलंत? साफ करून आणू नका म्हणालो होतो मी."

"धूळ होती. फ्रिज, पंखा..."

"फ्रिज काढला की फ्रिजएवढं भोक पडतं. त्याचं काही वाटत नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे भोक फ्रिजचं नाही. इथे कोणीतरी बसलेलं होतं. डाव्या बाजूला, भिंतीला पाठ लावून. कोण होतं?"

"माझे बाबा," चिमी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्यांनी तिला रडू दिलं. चहाचा कप तिच्याकडे सरकवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी ते अर्धं मिनिट घेताना सगळ्यांना रस्त्यावर काढतो. डोकी मोजतो. दार लावतो आणि परत मोजतो. लोक हसतात मला." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "मूळ रेकॉर्डिंग आहेत?"

"पुसली."

"आणि नमुना? ते अर्धं मिनिट?"

६

फाइल होती. नाव तेच, 'रिकामी खोली'. लांबीच्या रकान्यात मात्र अर्धं मिनिट नव्हतं. तिथे सहाशे बहात्तर तास आणि वर काही मिनिटं होती. शेवटचा आकडा हलत होता. एक, दोन, तीन, घड्याळासारखा.

चिमीने मनातल्या मनात भागाकार केला. अठ्ठावीस दिवस.

"कुठून ऐकू?" तिने विचारलं.

"शेवटून," कानवाले म्हणाले, आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवला.

आधी टिकटिक आली. लग्नातलं घड्याळ. मग सपाता घासत इकडून तिकडे गेल्या, नळाची चावी फिरली, गुडघा वाजला, खुर्ची करकरली. खोकला. तो खोकला ऐकून तिला इतकं हायसं वाटलं की ती जवळजवळ हसलीच. मग बाबा पुटपुटले, "पाच वाजले. येईल आत्ता."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते.

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला, मोबाइल त्या कानाला लावला आणि घरी फोन केला. घंटी वाजू लागली. हेडफोनमध्ये खुर्ची करकरली, सपाता घाईघाईने आल्या. फोन उचलला गेला. मोबाइलमध्ये शांतता होती, आणि दुसऱ्या कानात बाबा म्हणाले, "हॅलो? चिमे, तू का गं?"

तिने मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"तुला ऐकू येत नाही, माहितीये मला. तरी मी बोलतो रोज. घरात माणूस बोलतं असावं. तुझं जेवण झाकून ठेवलंय बघ. सावकाश ये, धावतपळत येऊ नकोस."

कानवाल्यांनी समोर दुसरा हेडफोन लावला होता. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"हे मी गाण्यांच्या खाली ठेवून देऊ शकतो," ते म्हणाले. "अगदी हलकं. बाहेरच्या माणसाला खोलीच वाटेल. पण एकदा ठेवलं की ते गाण्यातच राहील. नीट विचार करून सांगा."

"ठेवा," चिमी म्हणाली. विचार केला असता तरी तिने तेच सांगितलं असतं.

"गाण्यांच्या मधे दोन सेकंदांची जागा ठेवू? साधारण तेवढी ठेवतात."

"ठेवा तशीच."

त्यांनी सांगितले तेवढे पैसे तिने दिले. नवा माइक तिला आठवलासुद्धा नाही.

७

दोन दिवसांनी दुपारी गाणी तयार होऊन आली. बाबा वेताच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पाठकोरे कागद. चिमीने दार लावलं आणि पहिलं गाणं सुरू केलं.

ते सुंदर झालं होतं. सहा वर्षं तिच्या डोक्यात वाजत होतं तसं, आणि शिवाय त्यात खोली होती. तिच्याच आवाजामागे कोणीतरी आपलं माणूस बसलेलं होतं. तीन ओळी झाल्या आणि कोपऱ्यातून टिकटिक आली. मग वेत करकरला.

"चिमे," बाबा म्हणाले.

तो आवाज स्पीकरमधून आला नव्हता. तिने जाऊन त्यांचे हात धरले. बाबा एकदम बोलतच सुटले. इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं, मिठापासून दादापर्यंत. ती हसत होती, डोळे पुसत होती, हो हो म्हणत होती. गाणं शेवटाला आलं.

"तुझी आई असती ना," बाबा सांगत होते, "तर तिने पहिलं काय विचारलं असतं ठाऊक आहे..."

गाणं संपलं. दोन सेकंद गेले.

चिमीचे हात पुढे होते. बोटं वाकलेली होती, काहीतरी धरल्यासारखी. समोर खुर्ची होती, खुर्चीत उशी होती आणि उशीला खळगा होता. बाबा नव्हते, आणि हे तिने पुढे दादालाही सांगितलं नाही.

दुसरं गाणं सुरू झालं.

"...की जेवलीस का," बाबा म्हणाले आणि हसले. त्यांचे हात तिच्या हातांत होते, कोमट आणि खरखरीत. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. "अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

"काही नाही. बोला तुम्ही."

तिने हात सोडवून टेबलाशी स्वतःची खुर्ची ओढली. गाणं संपायच्या आत बोटाने मागे नेलं. पुन्हा संपत आलं, पुन्हा मागे नेलं. बाबा बोलत होते. सातव्या की आठव्या खेपेला तिने डाव्या हाताने कानवाल्यांना फोन लावला.

"मधली जागा काढून टाका."

"सगळी?" त्यांनी विचारलं. का, ते विचारलं नाही.

"सगळी. आणि नववं संपलं की लगेच पहिलं लागलं पाहिजे. मधे श्वासाएवढीही जागा नको."

पलीकडे कानवाल्यांच्या मागे ती बाई गुणगुणत होती. चाल संपली आणि लगेच पहिल्यापासून सुरू झाली.

"तासाभरात पाठवतो," कानवाले म्हणाले. मग जरा थांबून, प्रथमच एकेरीवर आले. "विजेचा काही भरवसा नसतो, पोरी. बॅटरीची सोय करून ठेव. आजच्या आज कर. मी उद्यावर टाकलं होतं एकदा. तेव्हापासून आत नुसता तिचा आवाज आहे."

"कोण होतं गं?" कोपऱ्यातून बाबांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा," चिमी म्हणाली, आणि गाणं पुन्हा मागे नेलं.